काळ्या दातांचं सौभाग्य, पांढऱ्या दातांची हौस

राजूरहून बोलतेय.

हिरडा ज्यांनी वेचलाय त्यांना ही गोष्ट सांगायला नको. ओला हिरडा लोखंडी विळ्यानं चिरला, की थोड्या वेळात विळ्याचं पातं निळसर काळं पडतं. बोटांनाही डाग लागतो आणि तो दोन-तीन दिवस साबणाला दाद देत नाही. उन्हाळ्यात अंगणात बाळहिरडा वाळत घालणाऱ्या आपण सगळ्या जणींनी हा डाग अंगावर वागवलाय. आजच्या बोलण्यात तो पुन्हा पुन्हा येणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

झालं असं, आमच्या गटातल्या एका बाईंच्या मुलीला पाहुणे बघायला येणार होते. मुलगी एकोणीस वर्षांची, कामाला चलाख, पण पुढच्या दातांवर तपकिरी डाग. कुणीतरी तिला सांगितलं, लिंबावर मीठ टाकून घास. पोरीनं आठ दिवस सकाळ-संध्याकाळ घासलं. डाग थोडे फिके झाले, पण गार पाणी प्यायलं की कळ मस्तकात जायला लागली. बैठक संपल्यावर तिची आई मला म्हणाली, "ताई, दात पांढरे करायचा काहीतरी धड उपाय रेडिओवर सांगा की." सांगते. पण तिचं ऐकताना मला माझी पणजी आठवली, म्हणजे आजीची आई. मी तिला पाहिलेलं नाही, आजीकडून ऐकलंय फक्त. लग्नानंतर तिचेही दात घासघासून रंगवले होते. पण ते पांढरे करायला नाही, काळे करायला.

त्या काळ्या भुकटीला दातवण म्हणत. दातवण म्हणजे कडुलिंबाची किंवा बाभळीची दात घासायची काडी, हा अर्थ आपल्याला माहीत आहे. पण जुन्या बायकांच्या तोंडी त्याचा दुसरा अर्थ होता, दात काळे करायची भुकटी. त्यात मुख्य दोन वस्तू. एक हिरडा, किंवा त्याच गुणाचं मायफळ. दुसरी हिराकस. हिराकस म्हणजे लोखंडाचा हिरवट क्षार. हिरड्यात तुरट द्रव्य भरपूर असतं, त्याला टॅनिन म्हणतात. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतो. तुमच्या विळ्यावर होतं तेच. याच रीतीनं शाई करायचे आणि कापडही काळं रंगवायचे. म्हणजे त्या बायका दातांना रोज शाई लावत होत्या म्हणा ना. एकदा लावून भागत नसे. रंग उतरत जाई, म्हणून पुन्हा पुन्हा बोटानं चोळायचं. आजीकडे त्या भुकटीची पितळी डबी होती, झाकणाला बारीक कडी असलेली. ती आता माझ्याकडे आहे, मी त्यात ब्लाउजची बटणं ठेवते.

दात काळे का करायचे? कारण ते सौभाग्याचं लक्षण होतं. कुंकू, हिरव्या बांगड्या, विडा, तसंच दातवण. खेडोपाडी कष्ट करणाऱ्या सगळ्याच बायका लावायच्या असं नाही. ज्या घरांत रीतभात मोठी, तिथं त्याचा मान जास्त. पांढरे दात कुमारिकेचे, काळे दात सवाष्णीचे. आणि नवरा गेला की ते बंद. विडा बंद, दातवणही बंद. मग दातांचा काळा रंग हळूहळू उतरायचा. कुंकू पुसलेलं एका दिवसात दिसतं. दात पांढरे व्हायला महिने लागत असतील, आणि तेवढे दिवस त्या बाईच्या तोंडात तिचं सवाष्णपण थोडंथोडं कमी होत असेल. आजी हे सांगताना आवाज खाली आणायची. माझी पणजी तिशीच्या आत विधवा झाली होती.

यावर कुणी म्हणेल, आपल्याच बायकांची ही कसली तऱ्हा! तर आपण एकट्याच नव्हतो. जपानात हेच चाले. तिथं याला ओहागुरो म्हणतात. व्हिनेगर म्हणजे शिर्क्यात लोखंड भिजवत ठेवायचं, त्यात झाडाच्या गाठीची तुरट भुकटी मिसळायची आणि दातांना लावायचं. आपल्या हिरडा-हिराकशीचंच भावंडं. तिथंही लग्न झालेल्या बाईचे दात काळे. व्हिएतनाममध्येही काळे दात म्हणजे रूप. हजारो कोस लांब राहणाऱ्या या बायकांनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं, पण तुरट फळ आणि लोखंड दोन्ही घरात होतं, तर रंग सगळीकडे तोच निघाला.

मग जपानात काय झालं? 1870 साली तिथल्या सरकारनं दरबारी लोकांना दात काळे करायला बंदी केली. 1873 मध्ये खुद्द महाराणी पांढरे दात घेऊन लोकांसमोर आली. एका बाईनं दात रंगवायचे सोडले आणि काळे दात म्हणजे जुनाट, गावंढळ असं लोकांना वाटू लागलं. आपल्याकडे महाराणीचा असा एक दिवस नाही. शाळा आल्या, फोटो आले, शहरातल्या शिकलेल्या घरांतून विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून दातवण मागं पडत गेलं. आजीच्या लग्नात तिला दातवण लावलंच नाही, कारण नवरदेव इंग्रजी चार यत्ता शिकलेला. म्हणजे आईचे दात काळे केले ते नवऱ्याच्या नावानं, आणि लेकीचे पांढरे ठेवले तेही नवऱ्याच्याच आवडीनं.

आता दुसऱ्या काळ्या भुकटीकडे येते. तिचं नाव घेतलं की समोरच्या काही जणी नजर चुकवतील. मिसरी. कोणी मशेरी म्हणतं, कोणी मिश्री. उत्तरेकडे दात काळे करायच्या भुकटीला मिस्सी म्हणत. मला तरी या दोन्ही नावांत नातं दिसतं. पण वस्तू वेगळी. मिस्सीत आणि दातवणात तंबाखू नव्हता. असणार कसा? तंबाखू आपल्या देशातलाच नाही. तो अमेरिका खंडातला, पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आला. विजापूरच्या आदिलशाहीत तो आधी रुळला. 1604 च्या सुमाराला असद बेग नावाचा अकबराचा सरदार विजापुराहून परतताना तंबाखू आणि रत्नजडित चिलीम घेऊन गेला आणि बादशहापुढे ठेवली, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे दख्खनमधून दिल्ली-आग्र्याकडे गेलेली ही भेट! पुढे 1617 मध्ये जहांगीरनं बंदीचा हुकूम काढला, पण तोवर रोप रानात गेलं होतं.

पुरुषांनी तो चिलमीत घातला, विडीत घातला, तळहातावर चुन्याबरोबर मळला. बाईनं चारचौघांत विडी ओढणं बरं दिसेना. पण दात घासायला कोण नाही म्हणणार? तंबाखू तव्यावर काळा होईस्तोवर भाजायचा, चुरायचा, डबीत भरायचा आणि बोटानं दातांवर चोळायचा. काळी भुकटी, बोट, डबी, सगळं दातवणासारखंच. सौभाग्याची रीत गेली, पण हाताला वळण राहिलं होतं, त्या वळणात मिसरी बसली असं मला वाटतं. तंबाखू भाजताना सगळं घर ठसकतं, पोरं खोकतात, आणि तरी आपण म्हणतो, ही काही तंबाखू खात नाही हो, दात घासते फक्त.

किती जणी घासत होत्या? मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या दंतसंशोधकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून 1,01,761 लोकांची तोंडं तपासली. तो अहवाल 1972 मध्ये छापून आला. त्यात बायकांपैकी 39 टक्के मिसरी लावणाऱ्या निघाल्या. पुरुष शंभरात एकही पुरता भरला नाही. म्हणजे हे व्यसन आपलं, बायकांचं, आणि घराच्या आतलं. 1992 ते 1994 मध्ये मुंबईत जवळजवळ एक लाख लोकांची पाहणी झाली, त्यांत पस्तिशीच्या वरच्या बायकांत निम्म्याहून जास्त जणी तंबाखू कोणत्या ना कोणत्या रूपात घेत होत्या, आणि त्यातही मिसरीचा नंबर पहिला. गाव सोडून चाळीत गेली तरी डबी बरोबर गेली.

दात स्वच्छ होतात म्हणून लावतो, असं आपण म्हणतो. उलटं आहे. दातांवर जो काळा-तपकिरी थर बसतो, तो मिसरीचाच. हिरडी दातापासून सुटते, मुळं उघडी पडतात, ठणका लागतो. तंबाखूनं तो ठणका थोडा वेळ बधिर होतो, म्हणून बरं वाटतं, म्हणून पुन्हा लावतो. माझ्या सासूबाई दिवसातून पाच-सहा वेळा लावायच्या. गालाच्या आत पांढरा चट्टा आला. "उष्णता झाली असेल," त्या म्हणाल्या, आम्हीही तेच म्हणालो. गुलकंद दिला, सब्जा दिला. तालुक्याच्या दवाखान्यात एकदा नेलं तर तिथंही मलम देऊन परत पाठवलं. चार महिन्यांनी गालाला गाठ लागली तेव्हा नाशिकला नेलं. त्यापुढचं मी इथं सांगत नाही. एवढंच सांगते, की आधी नुसता चट्टा होता, दुखत नव्हता, आणि दुखत नाही म्हणूनच आम्ही थांबलो. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी जाईनाशी झाली, तर दुखण्याची वाट बघू नका. डॉक्टरांना आपणहून सांगा, "मी मिसरी लावते." ते विचारतीलच असं नाही.

पोटुशी बाईसाठी एक वेगळं. मुंबईत 1217 गरोदर बायकांची नोंद ठेवून केलेला अभ्यास 2004 मध्ये आला. तंबाखू घेणाऱ्यांत बहुतेक मिसरीवाल्याच होत्या. त्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमनं हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाण बरंच जास्त निघालं. अंगणवाडीतल्या काट्यावर शंभर ग्रॅमसाठी आपण किती जीव टाकतो, ते तुम्हाला माहीत आहे.

सरकारनं काही केलं का? केलं. 1992 मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आली. बनवणारे कोर्टात गेले, 1997 मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी कायम ठेवली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिसरीला कोणता कायदा लागणार? ती सोडायची तर आपल्यालाच. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, डोकं दुखतं, शौचाला साफ होत नाही, हे सगळं खरं आहे आणि तात्पुरतं आहे. 1800-11-2356 हा सरकारचा फुकट फोन आहे, तिथं सल्ला मिळतो. आमच्या गटातल्या तिघींनी एकाच दिवशी सोडली. एकटीनं सोडण्यापेक्षा ते सोपं गेलं, असं त्याच सांगतात. त्यातली एक पुन्हा लावायला लागली आहे, हेही सांगायला हवं.

आता त्या मुलीच्या आईचा प्रश्न. डाग कसे जातील?

आधी बघायचं, डाग दाताच्या वर आहे की आत. चहा, पान, मिसरी, तंबाखू यांचा डाग वर बसतो. त्यावर कीटण धरतं, ते दगडासारखं टणक होतं. हे घरी ब्रशनं निघत नाही. दातांचा डॉक्टर यंत्रानं काढतो, त्याला स्केलिंग म्हणतात. मोठ्या सरकारी दवाखान्यात दातांचा डॉक्टर असला तर तिथंही होतं, चौकशी करा. स्केलिंगनं दात ढिले होतात ही समजूत खोटी. कीटण निघालं की आधीच ढिले झालेले दात हलताना कळतात, एवढंच. निम्म्याहून जास्त बायकांचं काम इथंच संपतं, पुढचा खर्च लागत नाही.

लिंबू-मीठ मात्र नको. लिंबाच्या आंबटपणानं दातावरचं कवच मऊ होतं आणि वरून मिठानं आपण ते खरवडतो. हे कवच एकदा गेलं की पुन्हा येत नाही. नखासारखं वाढत नाही ते. राखुंडी, विटकरीची भुकटी, कोळसा, यांचंही तसंच. दात आधी उजळतात, कारण वरचा थर घासला जातो. मग आतला थर दिसायला लागतो, आणि तो मुळातच पिवळसर असतो! घासून घासून पिवळे, अशी गत. आठवडे बाजारात पूर्वी एक माणूस बसायचा, काडीला कापूस गुंडाळून बाटलीतलं पाणी लावायचा आणि दात लख्ख करून द्यायचा. ते पाणी म्हणजे आम्ल. माझ्या भावानं लहानपणी एकदा दात चमकवून घेतले होते, पुढचे दोन दात आजही चुरचुरतात.

आतला डाग वेगळा. काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. दात तयार होण्याच्या वयात, म्हणजे आठ वर्षांच्या आत, मुलांनी ते पाणी प्यायलं तर दातावर खडूसारखे पांढरे पट्टे आणि पुढे तपकिरी डाग येतात. अमेरिकेत कोलोरॅडो भागात मॅके नावाच्या दंतवैद्याला 1901 मध्ये असे तपकिरी दात गावच्या गावांत दिसले. कारण सापडायला तीस वर्षं लागली, 1931 मध्ये कळलं की पाण्यातलं फ्लोराइड. आपल्या देशात 1937 मध्ये नेल्लोर भागातली नोंद झाली. महाराष्ट्रात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत हा त्रास आहे. (यवतमाळ जिल्ह्यात वणीजवळही एक राजूर आहे. पत्र पाठवताना जिल्हा लिहीत जा, मागे एकीचं पत्र तिकडे फिरून आलं.) पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड नको. तपासणी ग्रामपंचायतीमार्फत करून घेता येते. हा डाग घासून जात नाही, कारण तो वर नाहीच. लहानपणी टेट्रासायक्लिन नावाचं औषध दिलं गेलं असेल तरी असाच आतून डाग येतो.

आतल्या डागांसाठी मग ते दात पांढरे करणं, ब्लीचिंग म्हणतात ते. त्यात पेरॉक्साइड वापरतात. ही गोष्टही चुकून सापडली. 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत एका दंतवैद्यानं सुजलेल्या हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून पेरॉक्साइडचं औषध रात्रभर लावून ठेवायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्या, आणि दातही उजळलेले दिसले. 1989 पासून त्यावर रीतसर लिहिलं गेलं आणि पुढे मोठा धंदा उभा राहिला. डॉक्टरांच्या हातून केलं तर यात मोठा धोका नाही, पण काही दिवस दात शिवशिवतात, रंग कायमचा टिकत नाही, टोपी घातलेला किंवा सिमेंट भरलेला दात पांढरा होत नाही. कीड असेल, हिरडी सुजलेली असेल तर आधी ती बरी करायची. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी थांबावं. युरोपात 2012 पासून जास्त ताकदीचं हे औषध दंतवैद्याशिवाय कुणाला विकता येत नाही आणि अठरा वर्षांखालच्या मुलांवर वापरता येत नाही. आपल्याकडे मोबाईलवर मागवलं की तिसऱ्या दिवशी दारात.

त्या मुलीचे डाग निम्मे वरचे निघाले, निम्मे आतले. वरचे स्केलिंगनं गेले. आतल्यांसाठी डॉक्टरांनी जो खर्च सांगितला, तेवढ्यात एक शेळी येते. तिच्या आईनं शेळी घेतली. पाहुणे येऊन गेले, त्यांचा निरोप अजून आलेला नाही. मुलगी म्हणते, न आला तर बरं, मला नर्सिंगचा फॉर्म भरायचाय.

आता शेवटचं, एका ताईंनी चिठ्ठीत विचारलंय. अंगणवाडीतून मिळालेलं लोहाचं औषध पाजल्यापासून बाळाचे दात काळे पडलेत, म्हणून त्यांनी ते बंद केलंय. ताई, बंद करू नका. हा तोच डाग आहे, हिरड्याचा आणि विळ्याचा. औषधात लोखंड आहे आणि बाळाला आपण चहा पाजतो, चहात हिरड्यासारखंच तुरट द्रव्य. दोन्ही तोंडात भेटले की काळं. डाग वरचा आहे, दाताला इजा नाही, डॉक्टर तो काढू शकतात. औषध जिभेच्या मागच्या बाजूला सोडा, वरून पाणी पाजा, दात पुसून काढा. आणि बाळाला चहा नकोच. चहामुळं लोह अंगी लागत नाही, हे आपल्या लोहाच्या गोळ्यांनाही लागू. गोळी चहाबरोबर घेऊ नका, तासभर मागंपुढं ठेवा. लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घेतली तर चांगली लागू पडते. लिंबू पोटात जाऊ द्या, दातांवर नको.